क्रियापद आणि त्याचे प्रिपोझिशन: हमखास चुकणारी जोडी पायरीपायरीने

'वी डिस्कस्ड अबाउट द प्रॉब्लेम.' माझ्याकडे तपासायला येणाऱ्या इंग्रजी मसुद्यांत हे वाक्य या ना त्या रूपात सतत भेटते. लिहिणाऱ्याचे बाकीचे इंग्रजी चांगले असते. काळ बरोबर, स्पेलिंग बरोबर. घोळ होतो तो वाक्य तयार होण्याच्या क्रमात. आधी मनात 'अडचणीविषयी चर्चा केली' येते, मग 'विषयी'ला इंग्रजीत काय म्हणतात ते शोधले जाते आणि सापडलेला शब्द तिथे बसवला जातो. 'डिस्कस'ला मात्र तो नकोच असतो. 'अबाउट', 'टू', 'फॉर' अशा नामाआधी येणाऱ्या शब्दांना प्रिपोझिशन म्हणतात.

मराठीत ही चूक आपल्याकडून होत नाही. 'त्याच्याशी बोललो', 'त्याला म्हणालो', 'त्याच्यावर रागावलो': शी, ला की वर, हे क्रियापद ठरवते आणि आपण विचार न करता ते पाळतो. 'ती त्याच्याशी खूप बोलली' आणि 'ती त्याला खूप बोलली' यांत एका प्रत्ययाने गप्पांची बोलणी होतात, म्हणजे ओरडा खावा लागतो. इंग्रजीतही क्रियापदच ठरवते. तिथल्या जोड्या वेगळ्या आहेत आणि त्या मराठी प्रत्ययांवरून काढता येत नाहीत. म्हणून खालचा क्रम पाळा.

## आधीची तयारी

एक वही आणि इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी केलेला एक शब्दकोश, एवढे पुरते. इंग्रजी-मराठी शब्दकोश अर्थ सांगतो, पण क्रियापदापुढे काय येते हे बहुधा सांगत नाही. शिकणाऱ्यांच्या शब्दकोशात ते स्पष्ट लिहिलेले असते.

वहीत 'डिपेंड म्हणजे अवलंबून असणे' असे लिहू नका. 'डिपेंड ऑन समथिंग' असे लिहा. क्रियापद, त्याचे प्रिपोझिशन आणि पुढची रिकामी जागा, हे तिन्ही मिळून एक नोंद. खाली स्वतःच्या आयुष्यातले खरे वाक्य लिहा, कारण पुस्तकी वाक्य आठवत नाही.

आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट करतो. एका एफचा शब्द आणि दोन एफचा शब्द मराठीत आपण सर्रास 'ऑफ' असाच लिहितो. ते दोन वेगळे शब्द आहेत आणि त्यांचे उच्चारही वेगळे आहेत. या लेखात एका एफच्या शब्दाला 'ऑव्ह' आणि दोन एफच्या शब्दाला 'ऑफ' लिहिले आहे. 'थिंक ऑव्ह' आणि 'टर्न ऑफ' यांत गल्लत झाली तर पुढचे सगळे बिघडते.

तपासणी: वाक्यातले प्रत्येक प्रिपोझिशन क्रियापदाचे नसते. 'ही वेटेड फॉर हर फॉर ॲन अवर ॲट द स्टेशन' यात दोन 'फॉर' आणि एक 'ॲट' आहे. 'वेट'चे आहे ते फक्त पहिले 'फॉर'. दुसरे वेळेचे, 'ॲट' जागेचे. वेळ आणि जागा काढून टाका. जे उरते आणि ज्याच्याशिवाय क्रियापद आपल्या कर्मापर्यंत पोहोचत नाही, तेच आपल्या कामाचे.

## पायरी १: प्रिपोझिशन मुळात लागते का?

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, कारण हा प्रश्न विचारलाच जात नाही. 'कोणते लावू?' या प्रश्नावर लोक थेट उडी मारतात.

खालच्या क्रियापदांना कर्म थेट लागते, मध्ये काहीही नको:

- डिस्कस, मेन्शन, डिस्क्राइब: अबाउट नको
- मॅरी: विथ नको, टूही नको
- रीच: टू नको, ॲट नको
- एंटर: खोलीत शिरताना इन्टू नको
- आन्सर, काँटॅक्ट, ॲप्रोच, रिझेम्बल: टू नको
- रिक्वेस्ट, ऑर्डर, डिमांड, अवेट: फॉर नको
- स्ट्रेस, एम्फसाइझ: ऑन नको
- अपोझ: टू नको, अगेन्स्टही नको
- लॅक: ऑव्ह नको
- कम्प्राइझ: ऑव्ह नको, जरी त्याच अर्थाच्या 'कन्सिस्ट'ला ऑव्ह लागते

ही यादी पाठ करण्याआधी चुकीचे मूळ पाहा. यातल्या बऱ्याच क्रियापदांना सख्खे नाम आहे आणि त्या नामाला प्रिपोझिशन लागते. 'अ डिस्कशन अबाउट द प्लॅन', 'अ रिक्वेस्ट फॉर हेल्प', 'द डिमांड फॉर वॉटर', 'ॲन एम्फसिस ऑन क्वालिटी', 'द आन्सर टू द क्वेश्चन', 'अ लॅक ऑव्ह टाइम' ही सगळी बरोबर आहेत. नामाची सवय क्रियापदाला चिकटते. मराठीत 'चर्चा करणे', 'मागणी करणे', 'विनंती करणे' अशी नामावर उभी असलेली क्रियापदे असल्यामुळे आपल्याला ही लागण जास्त होते. तेव्हा प्रिपोझिशन लिहिण्याआधी बघा: तुमच्या वाक्यात तो शब्द नाम आहे की क्रियापद?

चूक: शी एम्फसाइझ्ड ऑन सेफ्टी.
बरोबर: शी एम्फसाइझ्ड सेफ्टी.
हेही बरोबर: शी पुट एम्फसिस ऑन सेफ्टी.

सावधान: काही क्रियापदे प्रिपोझिशनसकटही भेटतात, पण तेव्हा अर्थ बदललेला असतो. 'एंटर इन्टू ॲन अग्रीमेंट' म्हणजे करार करणे. 'आन्सर टू समवन' म्हणजे कुणाला जबाबदार असणे. 'ॲटेंड अ मीटिंग' म्हणजे बैठकीला हजर राहणे, तर 'ॲटेंड टू अ प्रॉब्लेम' म्हणजे अडचणीत लक्ष घालणे. 'मॅरी हिम' आणि 'बी मॅरीड टू हिम' ही दोन्ही बरोबर आहेत, 'मॅरी विथ हिम' कधीच नाही.

उलटी चूकही होते, म्हणजे जिथे लागते तिथे गाळणे. 'लिसन'ला टू, 'वेट'ला फॉर, 'रिप्लाय'ला टू, 'अराइव्ह'ला ॲट किंवा इन. मात्र पुढे कर्म नसेल तर प्रिपोझिशनही नाही. 'लिसन!', 'वेट!', 'लुक!' इथे वाक्य संपते. 'लिसन टू!' असे म्हणून थांबता येत नाही, कारण 'टू' पुढच्या शब्दाची वाट पाहत राहतो. 'होम'ची गंमत वेगळी आहे. 'गो होम', 'रीच होम', 'अराइव्ह होम', कशालाच टू नाही, ॲट नाही.

## पायरी २: माणूस कुठे, वस्तू कुठे?

क्रियापदात दोन जण गुंतलेले असतील, एक माणूस आणि एक गोष्ट, तर त्यांच्या जागा आधी ठरवा. मराठीत 'त्याने मला नियम समजावला' आणि 'त्याने नियम मला समजावला' दोन्ही चालतात, कारण 'ला' प्रत्यय माणसाबरोबर फिरतो. इंग्रजीत जागा ठरलेली असते आणि प्रिपोझिशन बहुधा दोघांपैकी एकालाच लागते.

'टेल' आणि 'आस्क' यांच्यानंतर माणूस थेट येतो: 'टेल मी', 'आस्क हर'. 'से', 'एक्स्प्लेन', 'सजेस्ट', 'मेन्शन' यांच्यानंतर गोष्ट थेट येते आणि माणसाआधी टू लागते.

चूक: ही एक्स्प्लेन्ड मी द रूल.
बरोबर: ही एक्स्प्लेन्ड द रूल टू मी.

काही क्रियापदांत माणूस आधी येतो आणि गोष्ट प्रिपोझिशनमागून येते. ही पूर्ण साच्यासकट लिहून घ्या, कारण नुसते 'अक्यूझ, ऑव्ह' असे लिहिले तर कोण कुठे ते विसरते:

- अक्यूझ समवन ऑव्ह समथिंग: आरोप करणे
- ब्लेम समवन फॉर समथिंग: दोष देणे
- थँक समवन फॉर समथिंग
- काँग्रॅच्युलेट समवन ऑन समथिंग
- प्रिव्हेंट समवन फ्रॉम डूइंग समथिंग
- प्रोव्हाइड समवन विथ समथिंग: पुरवणे

'ब्लेम' उलटूनही वापरता येते, पण मग प्रिपोझिशन बदलते: 'ब्लेम द डिले ऑन द वेदर'. 'रॉब' आणि 'स्टील' यांचेही तसेच. चोर माणसाला 'रॉब' करतो आणि वस्तू 'स्टील' करतो. म्हणून 'दे रॉब्ड हिम ऑव्ह हिज वॉच', पण 'दे स्टोल हिज वॉच फ्रॉम हिम'. 'अपॉलोजाइझ'ला दोन्हीकडे प्रिपोझिशन लागते: माणसाला टू, चुकीला फॉर. 'आय अपॉलोजाइझ्ड टू हर फॉर द डिले.'

तपासणी: वाक्यातल्या माणसावर बोट ठेवा. त्याच्याआधी प्रिपोझिशन आहे का आणि हवे का? मग वस्तूवर बोट ठेवा आणि तेच विचारा.

## पायरी ३: प्रिपोझिशन बदलले की काय बदलते?

एकाच क्रियापदाला दोन-तीन प्रिपोझिशन लागत असतील तर ती पर्यायी आहेत असे धरू नका. 'लुक ॲट' म्हणजे बघणे, 'लुक फॉर' शोधणे, 'लुक आफ्टर' सांभाळणे, 'लुक इन्टू' छडा लावणे. हे चौघे चार वेगवेगळी क्रियापदे आहेत असे समजून वहीत चार वेगळ्या नोंदी करा. एका ओळीत कोंबले की परीक्षेपुरते आठवतात आणि बोलताना एकमेकांत मिसळतात.

'आस्क' तर आणखी फसवे आहे. 'आस्क हिम' म्हणजे त्याला विचार. 'आस्क फॉर हिम' म्हणजे दारात उभे राहून किंवा फोनवर 'ते आहेत का?' म्हणणे. 'आस्क अबाउट हिम' म्हणजे त्याच्याविषयी चौकशी, आणि 'आस्क आफ्टर हिम' म्हणजे 'तब्येत कशी आहे, बरा आहे ना' अशी विचारपूस.

'अग्री'मध्ये प्रिपोझिशन पुढच्या गोष्टीच्या जातीवरून ठरते. माणसाशी किंवा मताशी 'विथ', प्रस्तावाला किंवा अटीला 'टू', दोघांनी मिळून ठरवलेल्या मुद्द्यावर 'ऑन'. 'हिअर'मध्येही तसेच: 'हिअर फ्रॉम' म्हणजे त्या माणसाकडून निरोप येणे, 'हिअर ऑव्ह' म्हणजे त्याचे नाव कानावर असणे.

मला सगळ्यात आवडते ती जोडी 'ॲट' आणि 'टू' यांची. 'थ्रो द बॉल टू हिम' म्हणजे तो झेलणार आहे, 'थ्रो द बॉल ॲट हिम' म्हणजे त्याला लागावा म्हणून फेकला आहे. 'शाउट टू' म्हणजे लांबच्या माणसाला हाक, 'शाउट ॲट' म्हणजे अंगावर ओरडणे. 'ॲट'मध्ये नेम धरल्याचा भाव आहे. तो एकदा कळला की 'लाफ ॲट', 'स्टेअर ॲट', 'पॉइंट ॲट', 'एम ॲट' यांची संगती लागते. असा धागा प्रत्येक प्रिपोझिशनमध्ये सापडतोच असे नाही, पण सापडला तर सोडू नका.

सावधान: इंग्लंडमधले आणि अमेरिकेतले वापर काही ठिकाणी वेगळे आहेत. ब्रिटिश इंग्रजीत 'राइट टू मी' आणि 'प्रोटेस्ट अगेन्स्ट द डिसिजन', अमेरिकन इंग्रजीत नुसते 'राइट मी' आणि 'प्रोटेस्ट द डिसिजन'ही चालते. दोन्ही बरोबर. एका मजकुरात मात्र एकच पद्धत ठेवा.

## पायरी ४: हे प्रिपोझिशन आहे की फ्रेझल व्हर्बचा तुकडा?

इथे घाई करू नका. फ्रेझल व्हर्ब म्हणजे क्रियापद आणि 'अप', 'ऑफ' असा छोटा शब्द मिळून झालेले, वेगळा अर्थ देणारे क्रियापद. 'लुक आफ्टर' आणि 'टर्न ऑफ' दिसायला सारखे, पण वागायला वेगळे आहेत. पहिल्यात 'आफ्टर' आपल्या नामाला धरून राहते. दुसऱ्यात 'ऑफ' क्रियापदाचा भाग आहे आणि तो सुटून पलीकडे जाऊ शकतो.

परीक्षा सर्वनामाने घ्या. कर्माच्या जागी 'इट' किंवा 'देम' ठेवा:

- लुक आफ्टर देम बरोबर, लुक देम आफ्टर चूक.
- टर्न इट ऑफ बरोबर, टर्न ऑफ इट चूक.

पूर्ण नाम असेल तर 'टर्न ऑफ द लाइट' आणि 'टर्न द लाइट ऑफ' दोन्ही चालतात. सर्वनाम असेल तर ते मध्येच यायला हवे. 'फिल इट इन', 'पुट इट ऑफ', 'कॉल इट ऑफ', 'पिक देम अप', 'लुक इट अप'. कर्म लांबलचक असेल तर क्रियापद आणि तुकडा फोडू नका. मध्ये आठ-दहा शब्द आले की वाचणारा 'ऑफ'ची वाट पाहून थकतो.

कोणते सुटते आणि कोणते नाही हे शब्दकोशात दाखवलेले असते. 'समथिंग' हा शब्द कुठे छापला आहे ते पाहा: 'लुक आफ्टर समथिंग' की 'टर्न समथिंग ऑफ'? ऑक्सफर्ड आणि लाँगमनच्या शिकणाऱ्यांसाठीच्या शब्दकोशांत सुटणाऱ्या क्रियापदांमध्ये दोन टोकांचा बाण छापतात. अर्थ वाचून शब्दकोश मिटू नका, तो बाण शोधा.

कानानेही फरक कळतो. 'टर्न इट ऑफ' म्हणताना जोर 'ऑफ'वर येतो. 'लुक ॲट इट'मध्ये जोर 'लुक'वर असतो आणि 'ॲट' जेमतेम ऐकू येते. खरी प्रिपोझिशन बोलण्यात इतकी दबतात की 'फॉर'चे नुसते 'फ' उरते आणि 'टू'चे 'ट'. ऐकून शिकणाऱ्यांच्या वाक्यांतून ती गळतात याचे हे एक कारण आहे.

तीन शब्दांची क्रियापदे सहसा फुटत नाहीत: 'पुट अप विथ इट', 'रन आउट ऑव्ह इट', 'कम अप विथ इट', 'लुक फॉरवर्ड टू इट'.

फ्रेझल व्हर्बना लोक उगाच घाबरतात. आपण रोज तेच करतो. 'खाल्ले' आणि 'खाऊन टाकले' यांत जो फरक आहे, तोच 'ईट' आणि 'ईट अप' यांत आहे. 'टाकणे' इथे फेकण्याचा अर्थ सोडून काम पुरते संपल्याचे सांगते, आणि 'यूझ अप', 'फिनिश अप' यांतले 'अप'ही तेच सांगते, वरची दिशा नव्हे. 'उठून दिसणे' म्हणताना कोणी उठत नाही, तसे 'स्टँड आउट' म्हणताना कोणी बाहेर उभे राहत नाही. 'ऑन'ला बऱ्याचदा चालू ठेवण्याचा अर्थ असतो: 'कॅरी ऑन', 'गो ऑन', 'कीप ऑन'. मराठी संयुक्त क्रियापदांवरचा हा कान इंग्रजीकडे वळवा. नुसत्या याद्या पाठ करण्यापेक्षा ते जास्त टिकते.

## पायरी ५: प्रिपोझिशननंतर क्रियापद आले तर?

प्रिपोझिशननंतर आलेले क्रियापद आयएनजी रूपात जाते. 'इन्सिस्ट ऑन पेइंग', 'सक्सीड इन फाइंडिंग', 'थिंक ऑव्ह लीव्हिंग'. इथपर्यंत सहसा अडत नाही. अडते ते 'टू'पाशी, कारण 'टू' दोन प्रकारचे आहेत. 'वाँट टू गो'मधले 'टू' क्रियापदाचे मूळ रूप दाखवते. 'लुक फॉरवर्ड टू'मधले 'टू' प्रिपोझिशन आहे.

तपासणी: 'टू'नंतर 'इट' ठेवून बघा. 'लुक फॉरवर्ड टू इट' जमते, म्हणून 'लुक फॉरवर्ड टू मीटिंग यू'. 'ऑब्जेक्ट टू इट' जमते, म्हणून 'ऑब्जेक्ट टू पेइंग'. 'वाँट टू इट' जमत नाही, म्हणून 'वाँट टू मीट'. 'अग्री' या चाचणीला अपवाद आहे: 'अग्री टू इट' जमते, तरी 'अग्री टू पे' असेच म्हणतात.

'यूस्ड टू'चे दोन अर्थ इथेच निस्तरून घ्या. 'आय यूस्ड टू गेट अप अर्ली' म्हणजे पूर्वी लवकर उठायचो, आता नाही. 'आय ॲम यूस्ड टू गेटिंग अप अर्ली' म्हणजे लवकर उठण्याची सवय आहे. मधले 'ॲम' गेले की अर्थ उलटतो.

आणि पुढे 'दॅट'ने सुरू होणारे वाक्य आले तर प्रिपोझिशन गळते. 'शी इन्सिस्टेड ऑन इट', पण 'शी इन्सिस्टेड दॅट वी स्टे'. 'ही कम्प्लेन्ड अबाउट द नॉइझ', पण 'ही कम्प्लेन्ड दॅट इट वॉझ नॉइझी'.

## पायरी ६: वाक्य फिरवताना ते हरवू देऊ नका

साधे वाक्य बरोबर लिहिणारेही प्रश्न विचारताना प्रिपोझिशन विसरतात. 'वेट फॉर'मधले कर्म प्रश्नात पुढे सरकते, पण 'फॉर' आपल्या जागी राहते.

चूक: हू आर यू वेटिंग?
बरोबर: हू आर यू वेटिंग फॉर?

वाक्याच्या शेवटी प्रिपोझिशन नको, असे पूर्वी शिकवत. रोजच्या इंग्रजीत ते शेवटीच येते आणि तिथे त्याचा उच्चारही पूर्ण होतो. दबके 'फ' नव्हे, स्पष्ट 'फॉर'. 'द हाउस आय लिव्ह इन', 'अ चेअर टू सिट ऑन', 'समवन टू टॉक टू' यांतही शेवटचा शब्द गाळू नका. कर्मणी प्रयोगातही तो टिकतो: 'द चिल्ड्रन वेअर वेल लुक्ड आफ्टर', 'ही वॉझ लाफ्ड ॲट'.

तपासणी: प्रश्नाचे उत्तर पूर्ण वाक्यात देऊन पाहा. 'आय ॲम वेटिंग फॉर माय सिस्टर.' उत्तरात जे प्रिपोझिशन आले, ते प्रश्नातही हवेच.

## पायरी ७: जास्तीचे काढा

ही छोटी पायरी आहे. 'कोप अप विथ' नाही, 'कोप विथ'. 'रिटर्न बॅक' नाही, 'रिटर्न'. 'कीप अप विथ' आणि 'कॅच अप विथ' यांच्या नादाने 'कोप'मध्ये 'अप' घुसते.

## एक मसुदा तपासून पाहू

'आय ॲम राइटिंग टू रिक्वेस्ट फॉर अ कॉपी ऑव्ह द रिपोर्ट. वी डिस्कस्ड अबाउट इट लास्ट वीक, बट यू डिड नॉट एक्स्प्लेन मी द सेकंड पार्ट. प्लीज लुक इट इन्टू. आय विल रीच टू द ऑफिस ॲट टेन. आय लुक फॉरवर्ड टू मीट यू.'

पुढे वाचण्याआधी पेन्सिल घ्या आणि चुका मोजा. सहा आहेत.

पहिल्या पायरीने तीन निघतात: 'रिक्वेस्ट अ कॉपी', 'डिस्कस्ड इट', 'रीच द ऑफिस'. दुसरीने एक: 'एक्स्प्लेन द सेकंड पार्ट टू मी'. चौथीने एक: 'लुक इन्टू इट', कारण हे न सुटणारे आहे. पाचवीने शेवटची: 'टू मीटिंग यू'. 'ॲट टेन'वरही खूण केली असेल तर ती पुसा. ते 'ॲट' वेळेचे आहे, 'रीच'चे नाही.